ढिला जोड का तापतो?

वाङ्मय मंडळाच्या अंकात विजेच्या वायरींवर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मंडळाचा सभासदही आहे, हे एक कारण झालं. दुसरं कारण भाषेचं आहे. आपल्याकडे आगीची बातमी आली, की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' बेळगावातलं दुकान असो, वडगावातली यंत्रमागाची शेड असो, नाहीतर निपाणीतली तंबाखूची वखार, वाक्य तेच. हा शब्द आपण इतका वापरला, की विजेमुळे लागलेली प्रत्येक आग म्हणजे शॉर्ट सर्किट असा आपला समज होऊन बसला. पण विजेच्या अनेक आगी एका वेगळ्याच दोषातून सुरू होतात. तो दोष म्हणजे ढिला जोड. दोन्हींत फरक काय आणि तो कळल्याने आपला फायदा काय, हे या लेखात बघू या.

दोन वेगळे दोष

शॉर्ट सर्किट म्हणजे विजेला जवळची वाट सापडणं. फेज आणि न्यूट्रल या दोन वायरी मध्ये कुठलंही उपकरण नसताना एकमेकींना चिकटल्या, की वाटेत अडवणारं काही उरत नाही. मग करंट एकदम शेकडो अँपिअरवर जातो. मोठा आवाज होतो, ठिणगी पडते आणि बोर्डातला एमसीबी क्षणार्धात खाली पडतो. एमसीबी असतो तो याचसाठी. करंट ठरावीक मर्यादेबाहेर गेला, की वाट तोडायची, एवढं एकच काम त्याला येतं.

ढिल्या जोडात असं काहीच होत नाही. वायर आपल्या जागीच असते, फक्त स्क्रूखाली घट्ट बसलेली नसते. किंवा सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झालेली असते आणि प्लगची पिन तिला जेमतेम टेकलेली असते. दिवा लागतो, पंखा फिरतो, गिझरचं पाणी तापतं. करंट वाढत तर नाहीच, उलट किंचित कमी होतो. त्यामुळे एमसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी घरात असला, तरी त्यालाही कळत नाही, कारण करंट कुठे गळत नसतो. ज्या दोषावर आपली नेहमीची संरक्षक साधनं आंधळी आहेत, तो हा दोष आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या घरी गिझरचा सॉकेट काळा पडला. घरमालक म्हणाले, "शॉर्ट सर्किट झालंय बघा." वायरमनने मेन बंद केला आणि सॉकेट उघडून दाखवला. वायरवरचं प्लॅस्टिक दोन बोटं लांबीपर्यंत करपलेलं होतं आणि स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होता. तो म्हणाला, "काका, शॉर्ट झालं असतं तर एमसीबी पडला असता की. हे ढिल्लं होतं म्हणून आतल्या आत भाजत बसलं." मी वर्गात पाऊण तास घेऊन जे सांगतो, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं.

थोडं गणित

कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. नियम एकच आहे आणि तो दहावीत होऊन गेलेला आहे. इंग्लंडच्या जेम्स जूलने १८४० च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं, की वाहकात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले रोध.

आता २,००० वॅटचा गिझर घ्या. २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर करंट घेतो. गिझरच्या कॉइलचा रोध येतो साधारण २६.५ ओहम. सॉकेटमधला जोड घट्ट असेल, तर त्याचा रोध एक ओहमच्या हजाराव्या भागाइतका धरू. मग त्या जोडात होणारी उष्णता एका वॅटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. हाताला काही जाणवणार नाही.

तोच जोड ढिला झाला आणि त्याचा रोध अर्धा ओहम झाला असं समजा. अर्धा ओहम म्हणजे कॉइलच्या मानाने काहीच नाही. करंट ८.७ वरून साधारण ८.५ वर येईल. जोडावर चार-साडेचार व्होल्ट खर्ची पडतील. पाणी तापायला किंचित जास्त वेळ लागेल, तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण जोडात उष्णता किती? ८.५ गुणिले ८.५ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ३६ वॅट.

छत्तीस वॅट हा आकडा छोटा वाटतो. पण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे जो सोल्डरिंग आयर्न असतो, तो बऱ्याचदा २५ वॅटचाच असतो आणि त्याच्या टोकावर कथिल-शिशाचा झाळ पाण्यासारखा वितळतो. त्याहून जास्त ताकदीचा सोल्डरिंग आयर्न भिंतीतल्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून रोज सकाळी अर्धा तास चालू करायचा, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. ढिल्या जोडात नेमकं हेच चाललेलं असतं. घरातल्या वायरीवरचं साधं पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत सतत तापायला चालतं. त्यापुढे ते मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, शेवटी करपतं.

करंटचा वर्ग होतो, हे इथे विसरू नका. त्याच ढिल्या जोडावर १,००० वॅटची इस्त्री लावली, तर उष्णता निम्मी न होता जवळजवळ चौथाई होते, म्हणजे सुमारे ९ वॅट. ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर जोडात होणारी उष्णता मोजण्याइतकीही नसते. म्हणून एखादा सैल सॉकेट वर्षानुवर्षं मोबाईल चार्ज करत राहतो, काही होत नाही. मग थंडीत कुणीतरी त्याच सॉकेटात पाणी तापवायचा हीटर लावतो आणि त्या दिवशी वास येतो. दोष जुनाच असतो, करंट तेवढा नवा असतो.

आणखी एक गंमत बघा. जोड पूर्ण घट्ट असला तर उष्णता जवळजवळ शून्य. वायर पूर्ण तुटली तरी उष्णता शून्य, कारण करंटच नाही. धोका आहे तो मधल्या अवस्थेत. धड जोडलेलंही नाही आणि धड तुटलेलंही नाही, अशी जी स्थिती, तिथेच सगळा ताप साठतो.

जोडाच्या आत काय असतं?

दोन धातू एकमेकांना टेकले, म्हणजे ते सगळीकडून टेकले असं आपण समजतो. सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तर गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही डोंगरदऱ्यांनी भरलेला असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, की फक्त उंच शिखरं टेकतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ रॅग्नर होल्म यांनी विद्युत संपर्कांच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. त्यांनी मांडलं ते असं : करंट जातो तो दिसणाऱ्या सगळ्या क्षेत्रफळातून नव्हे, तर या थोड्याशा टेकलेल्या ठिपक्यांतून. स्क्रू आवळला, की शिखरं दबतात, ठिपके मोठे होतात, नवे ठिपके तयार होतात. स्क्रू सैल झाला, की ठिपके कमी होतात आणि लहानही होतात.

चार लेनचा महामार्ग कामामुळे तवंदी घाटात एका लेनवर आला, तर काय होईल ते निपाणीकरांना सांगायला नको. पण या उपमेत एक फरक लक्षात घ्यायला हवा. घाटात गाड्या खोळंबतात. विजेच्या वाटेत खोळंबा होत नाही. एका ओळीतल्या वायरीत सगळीकडे करंट सारखाच असतो. तोच ८.५ अँपिअर करंट जाड वायरीतून आरामात येतो आणि सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यातून पुढे जातो. गर्दी सारखी, वाट मात्र अरुंद. म्हणून वायर थंड आणि जोड गरम.

एकदा तापला, की अधिकच तापतो

ढिला जोड आहे तसा राहत नाही. तो आपलं आपण बिघडत जातो.

गिझर चालू झाला, की जोड तापून प्रसरण पावतो. बंद झाला, की आकुंचन पावतो. असं रोज घडत राहिलं, की स्क्रू आणखी सैल होतो. तापलेल्या तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनने काळसर थर चढतो आणि हा ऑक्साइडचा थर तांब्यासारखा चांगला वाहक नसतो. त्यामुळे रोध वाढतो. रोध वाढला, की उष्णता वाढते. उष्णता वाढली, की थर जाड होतो. सॉकेटमधल्या पितळी पट्टीला जो स्प्रिंगसारखा ताण असतो, तोही तापल्याने जातो. मग ती पट्टी पिनेला पुन्हा कधीच घट्ट धरत नाही.

शेवटच्या टप्प्यात दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे ठिणग्या. जोडात केसाएवढी फट पडली, की त्या फटीतल्या हवेतून वीज उडी मारते. आपल्याला चर्रर्र असा बारीक आवाज येतो आणि दिवा मिणमिणतो. त्या ठिणगीचं तापमान हजारो अंशांत असतं. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. तांब्याच्या ऑक्साइडचा एक प्रकार अर्धवाहक आहे. तो तापला, की त्याचा रोध थोडा कमी होतो, त्यामुळे सगळा करंट त्या तापलेल्या बारीक वाटेनेच जायला लागतो आणि ती वाट निखाऱ्यासारखी लाल होते. आवाज नाही, ठिणगी नाही. भिंतीच्या आत नुसता एक लाल ठिपका. एमसीबी शांत.

बेळगावची अ‍ॅल्युमिना आणि अ‍ॅल्युमिनियमची वायर

बेळगावजवळ यमनापूरला हिंडाल्कोचा कारखाना आहे. जुनी माणसं अजून त्याला इंडालच म्हणतात. तिथे बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना ही पांढरी भुकटी बनवतात. अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. ते सुमारे २,०७२ अंशांना वितळतं, अतिशय कठीण असतं आणि त्यातून वीज जात नाही. म्हणून चिनी मातीसारख्या सिरॅमिक वस्तू आणि विजेचे इन्सुलेटर बनवायला ते वापरतात.

आता गंमत अशी, की अ‍ॅल्युमिनियमची वायर चाकूने खरवडून चकचकीत केली, तरी क्षणात तिच्यावर याच अ‍ॅल्युमिनाचा अत्यंत पातळ थर बसतो. म्हणजे इन्सुलेटरसाठी ज्याचा उपयोग करतात, तोच पदार्थ ती वायर अंगावर घेऊन फिरते. स्क्रू चांगला दाबला तर हा थर फुटतो आणि धातूला धातू टेकतो. जोड ढिला असेल तर तो थर मध्येच राहतो.

शिवाय अ‍ॅल्युमिनियम मऊ. स्क्रूखाली सतत दाब असला, की ते हळूहळू सरकतं आणि दबून पातळ होतं. आज घट्ट असलेला स्क्रू वर्षभराने आपोआप सैल. तापल्यावर ते वाढतंही जास्त. एका अंशाला लांबीच्या दशलक्ष भागांमागे अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ भाग वाढतं, तांबं १७ आणि पोलाद १२. पोलादी स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची वायर असली, की दोघांचं जमत नाही.

अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात तांबं महागल्यामुळे लाखो घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग झाली. नंतर तिथल्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने सांगितलं, की १९७२ पूर्वीच्या अ‍ॅल्युमिनियम वायरिंगच्या घरांत सॉकेटजवळचा जोड आग लागण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट जास्त आहे. वायर कुठे मध्येच जळत नव्हती. जळत होते ते जोड.

आपल्याकडे घरातली वायर आता बहुतेक तांब्याची असते. पण खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची असते. इकडे हेस्कॉम, पलीकडे कागल-चंदगडला महावितरण. सीमा कुठेही असो, धातू तोच. मीटरजवळ अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना नुसतं पिळून जोडलं आणि त्यात आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा ओलावा गेला, की दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून अशा ठिकाणी दोन्ही धातूंसाठी बनवलेला बायमेटल लग लावायचा असतो. पिळून टेप गुंडाळणं हा त्यावर उपाय नाही.

आपल्या भोवतीचे ढिले जोड

वडगाव, खासबाग, शहापूर भागात यंत्रमाग दिवसभर थडथडत असतात. त्या धक्क्याने स्टार्टरमधले स्क्रू हळूहळू फिरत सैल होतात. जोडीला कापसाचे तंतू असतातच. निपाणीच्या वखारीत वाळलेला तंबाखू आणि त्याची धूळ. विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटरीचा एक जोड जळून तुटला, तर मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढ घेते, जास्त करंट खाते आणि तिचं वाइंडिंग जळतं. शेतकरी म्हणतो मोटर जळाली. सुरुवात झालेली असते एका स्क्रूपासून.

खांबावरचा न्यूट्रल ढिला होऊन सुटला, तर प्रकार आणखी वेगळा. एका घरात दिवे मंद होतात आणि शेजारच्या घरात एकदम प्रखर, कारण तिथे २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट जाऊ शकतात. अशा वेळी पहिलं काम मेन बंद करण्याचं.

आणि आपले समारंभ! गणपतीचा मांडव, लग्नाचा हॉल, नाताळात गव्हाणीवर सोडलेल्या दिव्यांच्या माळा, आपल्याच मंडळाचा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा दिन. प्लग नसला, की वायरीची उघडी टोकं सॉकेटात खुपसायची आणि आगकाडीने घट्ट करायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. विचार करा : जो जोड तापणार हे ठरलेलंच आहे, त्याच्यात आपण स्वतःच्या हाताने काडी घालून ठेवतो.

ओळखायचं कसं, करायचं काय

नाक, कान आणि हात पुरे आहेत. जळक्या प्लॅस्टिकचा वास, काही वेळा मासळीसारखा विचित्र वास. जड उपकरण लावलं, की दिवा मिणमिणणं. बोर्डातून चर्रर्र आवाज. स्विच किंवा सॉकेट पिवळट-तपकिरी पडणं. गिझर किंवा इस्त्री वापरून झाल्यावर स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याची प्लॅस्टिकची बाजू हाताने बघा (पिनांना हात लावू नका). कोमट चालेल, हात ठेववत नसेल इतका गरम असेल, तर तो सॉकेट वापरणं त्याच दिवशी थांबवा.

दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, पण त्याला काय सांगायचं ते आपल्याला माहीत हवं. काळा पडलेला सॉकेट नुसता आवळून चालत नाही, बदलावा लागतो, कारण आतल्या पट्टीचा ताण गेलेला असतो. करपलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापून घ्यावी. गिझरला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. ६ अँपिअरच्या सॉकेटात कन्व्हर्टर घालून भागवू नये. स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकांना झाळ लावू नये. झाळ मऊ असतो, दबत जातो आणि जोड पुन्हा सैल होतो. त्यापेक्षा दाबून बसवलेली लग बरी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, एमसीबी मोठा घालणं किंवा फ्यूजला जाड तार बांधणं हा ढिल्या जोडावरचा इलाज नाही.

शब्दाचं महत्त्व

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १० बाळं गेली. पहिल्या दिवसाच्या बातम्यांत तोच शब्द होता, शॉर्ट सर्किट. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत ७२ माणसं गेली. तिथली आग चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रीजपासून सुरू झाली आणि बाहेरच्या भिंतीवरच्या ज्वलनशील आवरणामुळे इमारतभर पसरली. चौकशीत विद्युत तज्ज्ञाने त्या जळक्या फ्रीजचे अवशेष तपासले आणि कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या वायरीचा नीट न दाबलेला एक जोड तापला असावा, असं मत दिलं. इतक्या मोठ्या आगीचा माग काढत काढत माणसं एका जोडापर्यंत जाऊ शकतात, हे यातून दिसतं.

'शॉर्ट सर्किट' म्हटलं, की दोष विजेवर जातो आणि चौकशी मनातल्या मनात संपते. जणू वीज कोसळल्यासारखी ती दैवाची गोष्ट होते. 'ढिला जोड' म्हटलं, की लगेच पुढचे प्रश्न येतात : कुठला जोड, शेवटचा कधी तपासला, आवळायचं काम कुणाचं होतं? आपल्यापैकी काही जण उद्या पत्रकार होतील, काही शिक्षक, काही एखाद्या दवाखान्याचे नाहीतर पतसंस्थेचे व्यवस्थापक. बातमी लिहिताना किंवा अहवालावर सही करताना हे प्रश्न विचारायची सवय ठेवा.

तोपर्यंत घरचा अभ्यास सोपा आहे. उद्या सकाळी आंघोळीनंतर स्विच बंद करून गिझरचा प्लग काढा आणि त्याची प्लॅस्टिकची बाजू किती तापली आहे ते बघा. हॉस्टेलवर असाल, तर इस्त्रीच्या सॉकेटाकडे बघा आणि तो तपकिरी पडला असेल तर वॉर्डनना आजच सांगा.